पाण्याची पाळी आणि परराष्ट्रमंत्र्यांचा ढाक्याचा प्रवास

पाटाच्या शेवटास ज्याची जमीन आहे त्यास पाण्याचें राजकारण कोणी शिकवावें लागत नाहीं. चैत्र-वैशाखांत वरचा मनुष्य दांडाचें तोंड किती वेळ उघडें ठेवतो, रात्रीं कोणाच्या बांधावरचा दगड कसा सरकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत पाट कोरडा कां पडतो, हें सर्व त्यास पाठ असतें. अशा वेळीं खालच्या मनुष्यानें वरच्याच्या बांधावर जाऊन विनवणी करावी, ही जगाची रीत होय. वरचा मनुष्य आपण होऊन खालच्याच्या घरीं गेला, त्याच्या ओट्यावर बसला, आणि "पाळी ठरवूं या" असें म्हणाला, ही गोष्ट क्वचितच घडते. दोन शेतकऱ्यांमध्यें जी गोष्ट क्वचित् घडते, ती दोन राष्ट्रांमध्यें त्याहूनही दुर्मिळ. तथापि सन १९९६ च्या सप्टेंबर महिन्यांत ती घडली. भारताचे परराष्ट्रमंत्री श्री. इंद्रकुमार गुजराल हे बांगला देशाच्या राजधानीस, ढाक्यास, गेले. आणि त्याच वर्षाच्या १२ डिसेंबर रोजीं गंगेच्या पाण्याच्या वांटणीचा तीस वर्षांचा करार दिल्लीस सह्या होऊन पुरा झाला.

मंत्र्यांच्या भेटीगाठींस शेतकी मासिकांत जागा कशास, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, त्या भेटींत ज्याची बोलणी झाली तें पाणी शेवटीं शेतकऱ्याच्याच शेतांत जावयाचें होतें. आणि पाणी वांटण्याची जी युक्ति दोन सरकारांस अखेर सांपडली, ती आपल्या पाटांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पाळीचीच युक्ति होय. शिवाय या कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ ही आहे. जुन्या कराराच्या जागीं नवा करावयाचा, तर जुना कसा झाला आणि तो कोठें पुरला व कोठें अपुरा पडला, हें ठाऊक असलेलें बरें.

नदी एक, धनी दोन

गंगा बंगाल्यांत शिरतांच तिचे दोन मार्ग होतात. एक मार्ग भागीरथी या नांवानें दक्षिणेस वळतो, आणि पुढें हुगळी होऊन कलकत्त्यावरून समुद्रास मिळतो. दुसरा, व आज मोठा, मार्ग पूर्वेकडे जाऊन पद्मा या नांवानें बांगला देशांतून वाहतो. पावसाळ्यांत दोहोंसही पाण्याची ददात नसते. त्या महिन्यांत नदींतून लाखों क्युसेक पाणी वाहतें, आणि वांटणीपेक्षां पुराचीच चिंता अधिक. (एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, सुमारें २८ लिटर पाणी.) तंटा आहे तो जानेवारीपासून मेअखेरपर्यंतच्या पांच महिन्यांचा, आणि त्यांतही खरी ओढाताण मार्चच्या मध्यापासून मेच्या आरंभापर्यंत.

भागीरथीचें तोंड गाळानें बुजत चाललें आणि कलकत्त्याच्या बंदरांत मोठीं जहाजें येण्यास अडचण पडूं लागली, ही तक्रार जुनी आहे. गोदावरीच्या मुखाशीं बंधारा घालून आंध्रांतील शेती पाण्याखालीं आणणारे सर आर्थर कॉटन यांनींच १८५३ सालीं गंगेवर बंधारा घालण्याची कल्पना मांडली होती. ती प्रत्यक्षांत येण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. मधल्या काळांत १९४७ ची फाळणी होऊन नदीवर आडवी सरहद्द पडली, आणि जो प्रश्न केवळ इंजिनियरांचा होता तो दोन सरकारांचा झाला. पाकिस्ताननें १९५१ सालींच आपली हरकत नोंदविली. पुढें १९६१ सालीं मुर्शिदाबाद जिल्ह्यांत फरक्का येथें बंधाऱ्याचें काम सुरू झालें, व १९७५ सालीं तेथून पाणी वळविण्यास आरंभ झाला. बंधाऱ्याची लांबी सुमारें सव्वादोन किलोमीटर. त्यापासून निघणारा फीडर कालवा सुमारें ३८ किलोमीटर जाऊन भागीरथीस मिळतो, आणि ४०,००० क्युसेक पाणी वाहून नेण्याची त्याची शक्ति आहे. सरहद्द तेथून सोळासतरा किलोमीटरांवर. बंधारा बांधावयास घेतला तेव्हां खालीं पाकिस्तान होतें. बांधून झाला तेव्हां खालीं बांगला देश हें नवें राष्ट्र होतें. पाण्याची गरज मात्र तीच होती.

दोन्ही कांठांची हकीकत

खालच्या कांठास काय झालें, तें प्रथम पाहूं. बांगला देशांत भाताचे हंगाम तीन: औस, अमन व बोरो. पैकीं अमन हें पावसाळ्यांतलें. आणि बोरो हें हिंवाळ्यांत लावून उन्हाळ्याच्या तोंडीं कापावयाचें, म्हणजे आपल्याकडील उन्हाळी भातासारखें, सर्वस्वीं दिलेल्या पाण्यावर वाढणारें. कुष्टिया, चुआडांगा, झिनाइदह व मागुरा या जिल्ह्यांस गंगा-कपोताक्ष योजनेचें पाणी मिळतें. भेडामारा येथें मोठे पंप पद्मेचें पाणी उचलून कालव्यांत टाकतात. नदीची पातळी उतरली कीं पंपाच्या तोंडाशीं गाळ सांचतो, आणि पुढचा कालवा कोरडा राहतो. ज्यानें नदीकांठीं इंजिन बसविलें आहे त्यास ही अडचण निराळी समजावून सांगावयास नको.

याहून मोठें संकट खाऱ्या पाण्याचें. पद्मेपासून फुटणारी गोराई ही शाखा बांगला देशाच्या नैर्ऋत्य भागास गोडें पाणी पुरविते. तिचें मुख उन्हाळ्यांत कोरडें पडूं लागल्यावर समुद्राचें पाणी नद्यांतून खुलन्याकडे वर चढूं लागलें. खारें पाणी एकदां जमिनींत मुरलें म्हणजे काय होतें, हें आमच्या कोंकणांतील खारबंदिस्ती राखणारे शेतकरी चांगलें जाणतात. बांध फुटण्यास एक रात्र पुरते; जमीन गोडी होण्यास कित्येक पावसाळे लागतात.

आतां वरच्या कांठाची बाजू. फरक्क्याच्या पाण्यावर कलकत्त्याच्या बंदराची, व हुगळीचें पाणी गोडें राहण्याची, मदार होती. फरक्क्याच्याही वर उत्तर प्रदेश व बिहार या प्रांतांतील शेतकरी आहेत. रब्बीच्या गव्हास आणि उन्हाळ्यांत उंसास पाणी घेणें हा त्यांचाही हक्क होय. बंधाऱ्यानें भारतांत सर्वांचेंच भलें झालें असेंही नाहीं. मालदा व मुर्शिदाबाद जिल्ह्यांत नदीनें कांठ कापीत नेऊन कित्येक गांवें व हजारों एकर पिकती जमीन गिळली. हिलसा मासा पूर्वीं समुद्रांतून गंगेंत दूरवर चढत असे. बंधाऱ्यानें त्याची वाट अडली आणि वरच्या कोळ्यांचा धंदा बसला. गाळामुळें पुराचें पाणी तुंबतें म्हणून बिहारचे मुख्यमंत्री श्री. नितीशकुमार यांनीं २०१६ सालीं बंधाराच काढून टाकण्याची मागणी केली. सारांश, वरचा तेवढा सुखी आणि खालचा तेवढा दुःखी, असा हा साधा हिशेब नव्हता. उन्हाळ्यांतील पाणी सर्वांच्या मागणीस पुरण्याइतकें नव्हतें, हें खरें कारण.

करारावांचून आठ उन्हाळे

१९७५ च्या उन्हाळ्यांत ४१ दिवसांपुरती तात्पुरती समजूत झाली. ती संपल्यावर नवी समजूत झाली नाहीं, कालवा मात्र चालूंच राहिला. १९७६ च्या मे महिन्यांत वयोवृद्ध पुढारी मौलाना भाशानी यांनीं राजशाहीहून फरक्क्याच्या दिशेनें प्रचंड मोर्चा नेला, आणि त्याच वर्षीं हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढें गेला. शेवटीं ५ नोव्हेंबर १९७७ रोजीं पांच वर्षांचा करार झाला. त्यांत एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांकरितां ५५,००० क्युसेक पाणी हिशेबीं धरून बांगला देशास ३४,५०० व भारतास २०,५०० असे वांटे ठरले. शिवाय पाणी कितीही घटलें तरी बांगला देशास त्याच्या वांट्याच्या शेंकडा ८० च्या खालीं मिळणार नाहीं, अशी हमी होती. १९८२ व १९८५ च्या समजुतींत ही हमी गळाली. १९८८ च्या उन्हाळ्याबरोबर शेवटच्या समजुतीची मुदत संपली, आणि तेथून पुढें १९९६ पर्यंत आठ उन्हाळे कोणताही करार नव्हता. वरच्यानें हवें तितकें घ्यावें आणि खालच्यानें हवें तितकें ओरडावें, अशी स्थिति झाली.

येथें एक शंका येते. दक्षिण आशियांतील सात राष्ट्रांची 'सार्क' ही संघटना १९८५ सालीं ढाक्यांतच स्थापन झाली होती. मग तिनें हा तंटा कां मिटविला नाहीं? कारण असें कीं, दोन राष्ट्रांमधील वादाचे प्रश्न सभेंत काढावयाचे नाहींत, असें तिच्या घटनेंतच कलम आहे. याबद्दल आम्ही त्या संस्थेस दोष देत नाहीं. शेतकीच्या माहितीची देवघेव, बीबियाणें, रोगराईचा बंदोबस्त, अशा कामीं सर्वांनीं एकत्र बसणें उपयोगाचें असतें. परंतु सात घरांच्या पंगतींत जेवतां येतें, दोन भावांच्या बांधाचा तंटा पंगतींत मिटत नाहीं. त्यास एकमेकांच्या घरींच जावें लागतें. श्री. गुजराल यांच्या प्रवासाचें महत्त्व तें यांतच आहे.

ढाक्याचा प्रवास

१९९६ च्या जून महिन्यांत दोन्ही देशांत नवीं सरकारें आलीं. दिल्लीस १ जून रोजीं श्री. देवे गौडा पंतप्रधान झाले. ते शेतकरी घराण्यांतले. आणि कर्नाटकाचे मुख्यमंत्री या नात्यानें कावेरीचा तंटा हाताळलेले, म्हणून पाण्याच्या वांटणीचा त्रास त्यांस परका नव्हता. ढाक्यास २३ जून रोजीं शेख हसीना पंतप्रधान झाल्या. श्री. गुजराल यांचा जन्म १९१९ सालीं झेलम येथें झालेला. फाळणींत घरदार सोडून यावें लागलें अशा लाखों लोकांपैकीं ते एक. त्या वेळीं ते राज्यसभेंत बिहारमधून निवडून आलेले होते, म्हणजे गंगेच्या वरच्या कांठाचेच प्रतिनिधि होते. सरहद्दीनें माणसांचें काय होतें याचा अनुभव, आणि वरच्या कांठाची जबाबदारी, या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठिकाणीं एकत्र आल्या होत्या.

सप्टेंबरांत ते ढाक्यास गेले. तेथील परराष्ट्रमंत्री श्री. अब्दुस समद आझाद व पंतप्रधान शेख हसीना यांच्याशीं त्यांचीं बोलणीं झालीं, आणि आठ वर्षें अडून राहिलेल्या प्रश्नास चालना मिळाली. त्याच महिन्यांत लंडन येथील चॅथॅम हाउस या संस्थेपुढें त्यांनीं आपलें शेजारधर्माचें धोरण पांच कलमांत मांडलें. तें पुढें 'गुजराल-सिद्धांत' या नांवानें प्रसिद्ध झालें. त्यांतील पहिलें कलम असें कीं, बांगला देश, नेपाळ, भूतान, श्रीलंका व मालदीव या शेजाऱ्यांशीं वागतांना भारतानें परतफेडीची अट घालूं नये. जें देणें शक्य असेल तें विश्वासानें द्यावें. आपल्या भूमीचा उपयोग शेजाऱ्याविरुद्ध होऊं देऊं नये, एकमेकांच्या घरच्या कारभारांत ढवळाढवळ करूं नये, एकमेकांच्या भूमीची अखंडता व स्वातंत्र्य मानावें, आणि तंटे आपसांत बोलून शांततेनें मिटवावे, हीं बाकीचीं चार कलमें.

पहिल्या कलमास त्या वेळीं कित्येकांनीं भोळेपणा म्हटलें, आणि आजही म्हणतात. देतांना कांहींच मागूं नये, तर शेजारी डोक्यावर बसेल, असें त्यांचें म्हणणें. आमचें मत निराळें आहे. ज्याच्या हातांत पाण्याचें दार आहे, त्यानें दर वेळीं पाण्याच्या बदल्यांत कांहींतरी मागितलें, तर खालचा मनुष्य त्यास शेजारी न समजतां सावकार समजूं लागतो. आणि सावकाराचें देणें कितीही फेडलें तरी मनांतील अढी जात नाहीं. बांगला देशाच्या तीन बाजूंस भारत आहे. दोन्ही देशांच्या मधून लहानमोठ्या ५४ नद्या वाहतात. इतक्या ठिकाणीं ज्यांचा बांध लागून आहे, त्यांनीं प्रत्येक ठिकाणीं मोल मागूं लागल्यास बांधावरचा जागता पहारा कधींच उठणार नाहीं, आणि त्या पहाऱ्याचा खर्च पाण्याच्या किमतीहून अधिक होईल. मोठ्यानें पहिलें पाऊल टाकणें हें येथें औदार्य तर खरेंच, पण व्यवहारही आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मंत्र्यानें परक्या राजधानींत जाऊन वचन देणें सोपें आहे. तें घरीं मान्य करून घेणें कठीण. गंगेचें पाणी दिल्लीचें नव्हतें, तें बंगालच्या उपयोगाचें होतें. म्हणून नोव्हेंबरांत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री श्री. ज्योति बसु स्वतः ढाक्यास गेले. त्यांच्या पूर्वजांचें घर ढाक्याजवळ बारदी या गांवीं होतें. ज्यांच्या वांट्याचें पाणी कमी होणार तेच बोलणीं करण्यास आले, तेव्हां खालच्या मनुष्याचा विश्वास बसला. आणि वरच्या प्रांतांतही 'आम्हांस न विचारतां दिलें' असें म्हणण्यास जागा उरली नाहीं. त्यानंतर महिन्याच्या आंत, १२ डिसेंबर १९९६ रोजीं, दिल्लीस श्री. देवे गौडा व शेख हसीना यांच्या सह्या झाल्या.

वांटणीचें कोष्टक

करार जानेवारी ते मे या पांच महिन्यांचा आहे. प्रत्येक महिन्याचे सुमारें दहादहा दिवसांचे तीन भाग केले आहेत, आणि फरक्क्यास जितकें पाणी येईल त्याप्रमाणें वांटे ठरतात:

पाणी ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असल्यास: दोघांस निम्में निम्में.
७०,००० ते ७५,००० असल्यास: बांगला देशास ३५,०००, बाकीचें भारतास.
७५,००० किंवा अधिक असल्यास: भारतास ४०,०००, बाकीचें बांगला देशास.

येथवर ही साधी वांटणी झाली. परंतु ११ मार्चपासून १० मेपर्यंत, म्हणजे ऐन टंचाईंत, निम्म्या पाण्यानें कोणाचेंच काम पुरें होत नाहीं. अर्धा दांड चार वाफ्यांस सोडला तर चारही सुकतात, हें आपण जाणतों. तेव्हां करार करणाऱ्यांनीं पाळी लावली: एका दहा दिवसांत बांगला देशास ३५,००० क्युसेक नक्की, पुढील दहा दिवसांत भारतास तितकेंच नक्की. १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांच्या सरासरीवरून मांडलेलें या एकसष्ट दिवसांचें कोष्टक असें (आंकडे क्युसेकचे):

११ ते २० मार्च: एकूण ६८,९३१, भारत ३३,९३१, बांगला देश ३५,०००
२१ ते ३१ मार्च: एकूण ६४,६८८, भारत ३५,०००, बांगला देश २९,६८८
१ ते १० एप्रिल: एकूण ६३,१८०, भारत २८,१८०, बांगला देश ३५,०००
११ ते २० एप्रिल: एकूण ६२,६३३; भारत ३५,०००; बांगला देश २७,६३३
२१ ते ३० एप्रिल: एकूण ६०,९९२, भारत २५,९९२, बांगला देश ३५,०००
१ ते १० मे: एकूण ६७,३५१, भारत ३५,०००, बांगला देश ३२,३५१

वाचकांनीं हें कोष्टक सावकाश पाहावें. तीन पाळ्या त्यांच्या, तीन पाळ्या आपल्या. सर्वांत कमी पाण्याची पाळी, एप्रिलच्या अखेरची, खालच्याच्या वांट्यास पुरी दिली आहे. वरच्यानें खालच्यास काय दिलें, तें या एका ओळींत आहे.

मोजणीची व्यवस्थाही ध्यानांत घेण्यासारखी आहे. दोन्ही देशांच्या संयुक्त समितीचे लोक फरक्क्यास बंधाऱ्याखालीं व फीडर कालव्यावर, आणि बांगला देशांत पद्मेवरील १९१५ सालच्या हार्डिंज पुलाशीं, रोजचें पाणी मोजतात व आंकडे दोन्ही सरकारांस कळवितात. मोजणारा एकाच बाजूचा असला कीं पाळी खरी असूनही खोटी वाटते. दोघांनीं मिळून मोजलें कीं भांडणाचें अर्धें कारण नाहींसें होतें.

उणिवा

या कराराची स्तुति करून थांबणें बरोबर होणार नाहीं. पहिल्याच उन्हाळ्यांत, १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्यें, नदीचें पाणी अपेक्षेहून पुष्कळ खालीं गेलें आणि ढाक्यास ओरड झाली. विरोधी पक्ष आधींच कराराविरुद्ध होता. येथें कोष्टकाची मुख्य उणीव उघडी पडली. सरासरी चाळीस वर्षांची, व ती १९८८ पर्यंतची. त्यानंतर वरच्या प्रांतांत पाण्याचा उपसा वाढत गेला. जुन्या सरासरीवर नवी वांटणी मांडणें म्हणजे आजोबांच्या वेळच्या झऱ्यावर नातवानें उंसाचा अंदाज करणें होय.

दुसरी उणीव अशी कीं, १९७७ च्या करारांतील शेंकडा ८० ची हमी येथें नाहीं. फरक्क्याचें पाणी ५०,००० क्युसेकच्या खालीं गेल्यास दोन्ही सरकारांनीं तांतडीनें विचारविनिमय करावा, एवढेंच कलम आहे. तंटा पडल्यास तिऱ्हाईत पंच नेमण्याचीही सोय नाहीं. तिसरी उणीव, असलेलें पाणी वांटलें गेलें, वाढविलें गेलें नाहीं. उन्हाळ्यांतील प्रवाह वाढविण्याकरितां ब्रह्मपुत्रेचें पाणी कालव्यानें गंगेंत आणावें, अशी भारताची जुनी सूचना; नेपाळांत धरणें बांधून पावसाळ्याचें पाणी सांठवावें, अशी बांगला देशाची. दोहोंपैकीं एकही तडीस गेली नाहीं. प्रवाह वाढविण्यास एकमेकांनीं साह्य करावें, हें कलम कागदावरच राहिलें.

तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. त्यानंतर दोन्ही देशांत कित्येक सरकारें आलीं व गेलीं, संबंध कधीं गोड तर कधीं कडू झाले, परंतु हा करार कोणी मोडला नाहीं. दर जानेवारीस मोजणारे आपापल्या जागीं जाऊन उभे राहिले. आठ उन्हाळ्यांच्या बेबंदशाहीपेक्षां उणीव असलेला हिशेब बरा, हें यावरून दिसतें.

तिस्तेचा धडा

ढाक्याच्या प्रवासांत काय साधलें, हें ज्यास नीट समजून घ्यावयाचें असेल त्यानें तिस्ता नदीचें उदाहरण पाहावें. २०११ च्या सप्टेंबरांत पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग ढाक्यास गेले, त्या वेळीं तिस्तेच्या पाण्याचा करार होणार अशी सर्वांची अपेक्षा होती. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री श्रीमती ममता बॅनर्जी यांनीं त्यास विरोध केला, त्या प्रवासास गेल्या नाहींत, आणि करार राहिला. उत्तर बंगालच्या शेतकऱ्यास उन्हाळ्यांत पाणी उरणार नाहीं, ही त्यांची हरकत सर्वस्वीं चुकीची म्हणतां येत नाहीं. १९९६ सालीं मुख्यमंत्री पुढें गेले म्हणून करार झाला, २०११ सालीं मागें राहिल्या म्हणून अडला. परराष्ट्रमंत्र्याचा प्रवास परदेशांत सुरू होत नाहीं. तो आपल्याच प्रांतांतील शेतकऱ्याच्या दारांतून सुरू व्हावा लागतो. २०२२ च्या सप्टेंबरांत कुशियारा नदीतून १५३ क्युसेक पाणी उचलण्याविषयीं समजूत झाली. ती लहान खरी, परंतु वाट बुजलेली नाहीं एवढें तिनें दाखविलें. पुढें ऑगस्ट २०२४ मध्यें शेख हसीना यांचें सरकार गेलें, व दोन्ही देशांतील संबंधांत ताण आला. गंगेचा नवा करार अशा दिवसांत व्हावयाचा, म्हणून त्याची काळजी अधिक वाटते.

आपणांस बोध

खानदेशांत व बागलाणांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड बागाईताची जुनी पद्धति आहे. बंधाऱ्याखालचें क्षेत्र फडांत वांटावयाचें, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें, पाणी देण्यास पाटकरी, राखणीस जागल्या, आणि पाणी कमी पडणार असें दिसल्यास कोणता फड पडीत ठेवावयाचा हें सर्वांनीं मिळून आधींच ठरवावयाचें. या पद्धतीचें मर्म हें कीं, तींत पाण्याबरोबर टंचाईही वांटली जाते. गंगेच्या करारानेंही मोठ्या प्रमाणावर हेंच केलें. महाराष्ट्र हा कृष्णेच्या व गोदावरीच्या खोऱ्यांत वरच्या कांठचा. आणि खुद्द महाराष्ट्रांत नाशिककडील शेतकरी वरचे व मराठवाड्यांतील खालचे. म्हणून फरक्क्याची ही हकीकत आपणांस दूरची वाटूं नये.

चार गोष्टी त्यांतून घेण्यासारख्या आहेत. पहिलें पाऊल वरच्यानें टाकावें. ज्याच्या वांट्यांतून द्यावयाचें त्यास बरोबर घ्यावें. पाणी दोघांनीं मिळून मोजावें. आणि जुन्या सरासरीवर विसंबून न राहतां आजचें पाणी आज पाहून पाळी ठरवावी. पैकीं पहिल्या तीन गोष्टी १९९६ च्या करारांत होत्या, म्हणून तो टिकला. चौथी नव्हती, म्हणून तो अपुरा पडला.

पाळीचें कोष्टक पावसाळ्यांतच मांडावें, असें आमच्याकडील जुने पाटकरी सांगतात. पाट भरून वाहत असतो तेव्हां कोणाचा आवाज चढत नाहीं. वैशाखांत कोष्टक मांडावयास बसल्यास काठ्या निघतात. गंगेस पाणी आहे आणि मुदत पुरी व्हावयाची आहे, तोंवर दोन्ही सरकारांनीं बसावें. आणि बसतांना कुष्टियाचा भातकरी व मुर्शिदाबादचा कांठ गमावलेला शेतकरी, हे दोघेही आपल्या डोळ्यांपुढें ठेवावे, एवढेंच शेतकऱ्यांच्या वतीनें आमचें म्हणणें आहे.